छातीत दुखल्यापासून महिन्याच्या गोळ्यांपर्यंत : योजनेतून झालेल्या अँजिओप्लास्टीचा अनुभव

पहाटे साडेचारला छातीच्या मधोमध दाब, अंगभर घाम आणि डावा हात जड. तात्यांचं, म्हणजे आमच्या चुलत्यांचं, वय ६३. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात. तालुक्याचं सरकारी ग्रामीण रुग्णालय १४ किलोमीटरवर, मिरज जवळपास ८० किलोमीटरवर. सरकारनं दवाखाने स्वतः चालवावेत की लोकांना महात्मा फुले, आयुष्मान भारत यांसारख्या योजनांची कार्डं देऊन खासगी रुग्णालयांची बिलं भरावीत, हा वाद आपल्याकडं नेहमीचा आहे. पण आजारी माणूस घेऊन निघालं की कुठल्या टेबलावर काय विचारतात, कुठं सरकारी व्यवस्था उपयोगी पडते आणि कुठं कार्ड, हे फारसं कुणी सविस्तर सांगत नाही. म्हणून हे लिहिलं आहे.

घरात पहिला विचार निघाला तो गाडी काढून थेट मिरज गाठायचा. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून आमच्या भागातच काय, पलीकडं अथणी-विजापूरकडंही मोठं दुखणं म्हणजे मिरज हे ठरून गेलेलं आहे. हार्ट अटॅकमध्ये मात्र हा विचार घातक ठरू शकतो. रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. दीड-दोन तास गाडीत घालवण्यापेक्षा जिथं ईसीजी निघतो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळू शकतं, अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी आधी जायचं. हे इंजेक्शन दुखणं सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत देता येतं, पण खरा फायदा पहिल्या ३ तासांत.

१०८ ला फोन करताना गाव आणि तालुका सांगून भागत नाही. वाडी-वस्ती, जवळची खूण (शाळा, दूध डेअरी, पाण्याची टाकी), रुग्णाचं वय आणि दुखणं किती वाजता सुरू झालं हे एका दमात सांगावं. 'पोटात गॅस धरलाय' असं म्हणू नये. छातीत दुखतंय आणि घाम येतोय, हेच शब्द वापरावेत. एका माणसानं रस्त्यावर उभं राहून गाडीला हात करावा, नाहीतर ओळीनं सारख्या दिसणाऱ्या वस्त्यांत दहा मिनिटं सहज जातात. दुखणं सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवावी. ती पुढं किमान चार वेळा विचारली जाते आणि गोंधळात प्रत्येक जण वेगळी सांगतो.

ग्रामीण रुग्णालयात पोचलो ५ वाजून २० मिनिटांनी. ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा असा वैद्यकीय दंडक आहे, तो तिथं पाळला गेला. अटॅक हृदयाच्या खालच्या भिंतीचा होता. तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावली, रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा ३०० मिलिग्रॅमचा पहिला मोठा डोस दिला, कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८० दिली आणि ईसीजीचा फोटो हृदयरोगतज्ज्ञाला पाठवून फोनवर बोलून घेतलं. मग आम्हाला प्रश्न विचारले : पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झालाय का, अलीकडं पक्षाघात, मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार, शौचातून काळं रक्त, बीपी किती असायचं. यातल्या एका जरी गोष्टीचं उत्तर 'हो' असेल तर हे इंजेक्शन जीवावर बेतू शकतं, म्हणून नातेवाइकांनी घाईत सगळ्यालाच 'नाही' म्हणू नये. आठवत नसेल तर घरी फोन लावून विचारावं.

इंजेक्शन दोन प्रकारचं असतं. टेनेक्टेप्लेज वजनावर ठरतं आणि एकदाच काही सेकंदांत शिरेतून देतात. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट सलाइनमधून अर्धा ते एक तास चालतं आणि स्वस्त असतं. तात्यांना स्ट्रेप्टोकायनेज ६ वाजून १० मिनिटांनी सुरू झालं. अर्ध्यावर बीपी खाली आलं. या औषधात ते अपेक्षित असतं. सिस्टरनी थेंबांचा वेग कमी केला, पाय उंच केले, सलाइन वाढवलं आणि बीपी सावरल्यावर डोस पुरा केला. सातच्या पुढं दुखणं बरंच उतरलं आणि दुसऱ्या ईसीजीत वर उचललेली रेघ खाली आलेली दिसली.

आता वादाशी संबंधित मुद्दा. या दोन तासांत कुणी कार्ड मागितलं नाही, रेशन कार्ड विचारलं नाही, केसपेपरचेही पैसे घेतले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. हा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. आपल्या जिल्ह्यातली दोन्ही 'सिव्हिल', मिरजेचं शासकीय रुग्णालय आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, १९६२ साली सुरू झालेल्या मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत. म्हणून तालुक्याला फुकट आणि सिव्हिलला केसपेपर फी, असं का, यावरून खिडकीवर भांडणं होतात. खिडकीवरच्या माणसाच्या हातात ते नसतं. खातं वेगळं, नियम वेगळा. सिव्हिललाही फी किरकोळ असते आणि योजनेत नोंद झाली की दाखल रुग्णाचा खर्च योजनेतून होतो.

पुढं पाठवताना जी चिठ्ठी देतात ती हातात घेऊन तिथंच वाचावी. दुखणं सुरू झाल्याची वेळ, दिलेली औषधं डोससह, इंजेक्शन सुरू आणि बंद झाल्याची वेळ, दोन्ही ईसीजी, डॉक्टरांची सही आणि शिक्का. इंजेक्शनची वेळ यासाठी महत्त्वाची, की गुठळी विरघळली असेल तर अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉक कुठं आहे ते बघायची तपासणी) साधारण ३ ते २४ तासांच्या आत करतात. ती वेळ नसेल तर पुढचा डॉक्टर अंदाजानं चालणार. ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो. खिशात घामानं आणि गाडीत उन्हानं तो फिका पडतो, काही महिन्यांत तर कोरा होतो. मिळाल्या मिळाल्या उजेडात सरळ धरून फोटो काढावा, संध्याकाळपर्यंत झेरॉक्स करावी. आमचा पहिला ईसीजी घडी घालून ठेवला गेला आणि त्याचा त्रास पुढं झाला.

रुग्णालय कसं निवडायचं? 'योजना आहे का' हा प्रश्न अपुरा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत रुग्णालय अंगीकृत होतं, म्हणजे योजनेत घेतलं जातं, ते विशेषज्ञ-शाखेनुसार. दारावर योजनेचा मोठा फलक असतो, पण ते हाडांच्या ऑपरेशनसाठी अंगीकृत असतं आणि हृदयासाठी नसतं. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : हृदयरोगासाठी योजनेत आहात का, कॅथलॅब (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करायची खोली) आत्ता चालू आहे का, आयसीयूत योजनेचा बेड मोकळा आहे का. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८. गाडी निघायच्या आधीच तिथून खात्री केली, आणि नऊच्या सुमाराला मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात पोचलो.

योजनेचा इतिहास दोन ओळींत : २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर, २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावानं, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं. २०२३ च्या शासन निर्णयानं ते ५ लाख झालं आणि पिवळ्या-केशरीबरोबर शुभ्र कार्डवाल्यांनाही दार उघडलं. ७० वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घरात तसं कुणी असेल तर दुखण्याची वाट न बघता ते आधीच काढून ठेवावं.

दाराजवळच्या टेबलावर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारी माणसं, बसतात. रुग्ण आयसीयूत गेला की घरातल्या एकानं तिथं जायचं. लागतं ते रेशन कार्ड आणि आधार कार्ड, मूळ आणि प्रत्येकी तीन-चार झेरॉक्स. अडतं ते दोन जागी. एक, रेशन कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक. जुन्या कार्डावर तो नसतो. तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात किंवा रेशन दुकानदाराकडं तो मिळतो, पण तालुका ८० किलोमीटर मागं राहिलेला असतो. दुसरं, नाव. आपल्याकडं रेशनवर 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब' असणं घरोघरी आहे. नुसत्या वेलांटीचा फरक आरोग्यमित्र सहसा धरत नाहीत, पण नावच वेगळं असेल किंवा वयात आठ-दहा वर्षांचं अंतर असेल तर सिस्टीम अडवते. आयुष्मान कार्डाची ई-केवायसी आधी झाली असेल तर हा सगळा वेळ वाचतो. शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. तिथं ओटीपीनं किंवा चेहऱ्यावरून पडताळणी होते, पण आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा. आशाताईंकडून किंवा सीएससी केंद्रातून हे काम चांगल्या दिवसांत अर्ध्या तासात होतं.

तातडीच्या रुग्णासाठी आरोग्यमित्र फोनवरून मंजुरी घेतात, कागद मागाहून देता येतात. त्यासाठी किती तास आहेत ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावं. आमच्यापाशी रेशन कार्डाचा फक्त फोटो होता. मूळ कार्ड दुपारच्या एसटीनं आलं.

पैशाची पहिली मागणी इथंच आली. काउंटरवरून सांगण्यात आलं, 'अँजिओग्राफीचे सहा हजार भरा, ब्लॉक निघाला तर पुढचं योजनेत.' यामागचं गणित समजून घ्यावं. योजना उपचाराच्या पॅकेजवर चालते. तपासणीत काहीच निघालं नाही तर बऱ्याचदा रुग्णालयाला त्या तपासणीचे पैसे योजनेतून मिळत नाहीत. पण ब्लॉक निघून अँजिओप्लास्टी (अडलेली रक्तवाहिनी आतून उघडणं) झाली तर तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात आणि घेतलेले पैसे परत करायला हवेत. म्हणून भरायचेच झाले तर छापील पावती घ्यावी, त्यावर 'अँजिओग्राफी' असं लिहून घ्यावं आणि आरोग्यमित्राला ती लगेच दाखवावी. साध्या चिठ्ठीवर पैसे देणाऱ्याला ते परत मिळत नाहीत, कारण ते भरल्याचा पुरावाच उरत नाही.

'दोन दिवस कॅशमध्ये धरू, मग योजनेत घेऊ' हे मात्र अजिबात मान्य करू नये. तातडीचा रुग्ण पहिल्या क्षणापासून योजनेत नोंदवता येतो, आणि एकदा कॅशची फाइल झाली की ती फिरवायला दुप्पट वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटातून अँजिओग्राफी झाली. उजव्या रक्तवाहिनीत ९० टक्क्यांचा एक ब्लॉक, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) पुरेसा. रुग्ण टेबलावर असतानाच नातेवाइकांना बोलावून पडद्यावर ब्लॉक दाखवतात आणि बहुतेक मागण्या त्याच क्षणी होतात. आमच्याकडं आलेली मागणी अशी : योजनेतला स्टेंट साधा, बाहेरचा घ्यायचा तर २५ हजारांचा फरक. अशा वेळी काउंटरशी वाद घालण्यात अर्थ नाही. स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं, 'या ब्लॉकसाठी योजनेतला स्टेंट वैद्यकीयदृष्ट्या चालतो का?' आम्ही विचारलं, ते 'चालतो' म्हणाले आणि फरकाचा विषय संपला. स्टेंट एकेकाळी लाखाच्या पुढं विकले जात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये केली आणि तेव्हापासून ती सरकारच ठरवत आलं आहे. खासगीत रोखीनं जाणाऱ्यालाही याचा फायदा झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. सरकारनं एक दवाखाना न चालवता, एक कार्ड न वाटता केलेलं हे काम.

मंजुरीच्या फाइलवर 'क्वेरी' आली ती घडी पडलेल्या पहिल्या ईसीजीमुळं. अपलोड केलेला फोटो वाचता येत नव्हता. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनी त्यांच्या नोंदवहीला लावलेल्या प्रतीचा फोटो पाठवला, तेव्हा संध्याकाळी ती निघाली. क्वेरी म्हणजे नकार नव्हे. कोणता कागद हवा आहे ते नेमकं विचारून तोच द्यावा, सगळी फाइल पुन्हा देऊ नये.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. त्या दिवशी सह्यांचे कागद एकदम पुढं येतात. त्यात 'माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, प्रवासखर्च मिळाला' असाही एक असतो. पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण, औषधं, रक्त, स्टेंट आणि घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं. पैसे हातात आल्यावरच सही करावी. आमचे सहा हजार पावती दाखवून आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवण्याचा विषय काढल्यावर त्याच दुपारी परत मिळाले. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचं स्टिकर चिकटवलेलं आहे का ते बघावं. कंपनी, लांबी, व्यास आणि क्रमांक त्यावरच असतो. अँजिओग्राफीची सीडीही मागून घ्यावी. बरोबरच्या दोन माणसांची खाणावळ, खोली आणि फेऱ्या मिळून ७,४०० रुपये गेले. ते कुठल्याही योजनेत नाहीत.

यानंतर सुरू होतो तो भाग वादात सगळ्यात कमी बोलला जातो. स्टेंट बसल्यावर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण वर्षभर रोज लागतात. त्यातली क्लोपिडोग्रेल मध्येच थांबली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायचा झाला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही. योजनेतून घरी सोडल्यानंतरची औषधं मिळतात ती १० दिवसांची. काही ठरावीक उपचारांना पुढच्या तपासण्यांचं वेगळं पॅकेज असतं, ते आरोग्यमित्राला स्वतःहून विचारावं लागतं. त्यानंतर उरतं ते तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आपला खिसा.

कार्ड जागं होतं ते दाखल झाल्यावर आणि झोपतं घरी सोडल्यावर. तात्यांचा स्नायू वाचला तो कार्डाच्या आधीच्या दोन तासांत, आणि स्टेंट उघडा राहणार तो कार्डानंतरच्या वर्षभरात. मधले चार दिवस महाग होते, ते कार्डानं उचलले. त्याचं मोल कमी नाही, कारण त्याच चार दिवसांपायी पूर्वी जमिनी गहाण पडत. पण 'सरकारी दवाखान्यांवर कशाला खर्च, कार्ड दिलंय की' असं म्हणणाऱ्यांनी ८० किलोमीटरचा हिशेब मांडावा. ग्रामीण रुग्णालयात त्या पहाटे डॉक्टर, ईसीजीचा कागद आणि स्ट्रेप्टोकायनेजची कुपी यांतली एक गोष्ट नसती, तर ५ लाखांचं संरक्षण असूनही आम्ही मेलेला स्नायू घेऊन मिरजेला पोचलो असतो.

खासगी रुग्णालयांची बाजूही खोटी नाही. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि बिलं महिनोन्महिने अडकतात, ही त्यांची जुनी तक्रार आहे. योजनेचे बेड 'भरलेले' असण्यामागं ते एक कारण आहे. आणि सरकारी रुग्णालयंही याच योजनेत अंगीकृत असतात. तिथं केलेल्या ऑपरेशनचे पैसे त्या रुग्णालयाच्या खात्यात येतात आणि त्यातून औषधं, साहित्य घेता येतं. म्हणून सिव्हिलमध्ये दाखल होणाऱ्यानंही योजनेची नोंद आवर्जून करावी. 'सरकारीच आहे, कशाला कागद' असं म्हणून सोडून दिलं की त्या रुग्णालयाला मिळणारे पैसे बुडतात.

देशाच्या २०२१-२२ च्या आरोग्य लेख्यांत सरकारांचा मिळून आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या १.८४ टक्के दिसतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्याच लेख्यांत एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांच्या खिशातून गेलेला आहे. त्यातला गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासण्यांचा भाग कितीही कार्डं वाटली तरी दाखल होण्याच्या योजनेतून कमी होणार नाही. तो कमी होतो औषधांचं कपाट भरलेलं असेल तर.

तात्यांच्या पाच गोळ्यांपैकी अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि मेटोप्रोलॉल ग्रामीण रुग्णालयात बहुतेक महिने मिळतात. क्लोपिडोग्रेल आणि रामिप्रिल कधी असतात, कधी नसतात. साठा संपतो तो सहसा महिन्याच्या शेवटी, म्हणून पहिल्या आठवड्यात जावं. असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत नोंद करून स्वतंत्र कार्ड घेतलं की एका वेळी महिन्याच्या गोळ्या मिळायला सोपं जातं. ज्या मिळाल्या नाहीत त्या जनऔषधी दुकानातून घ्याव्यात. तिथं गोळीचं मूळ नाव आणि ताकद दाखवावी, ब्रँडचं नाव नको. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'जेनेरिक' लिहिलेलं असलं तर ते सरकारी जनऔषधी केंद्रच असेल असं नाही. क्लोपिडोग्रेलच्या किमान १० दिवसांच्या गोळ्या घरात जास्तीच्या ठेवलेल्या असतात. कृष्णेला पूर आला की मिरज-सांगलीकडचे रस्ते बंद होतात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते बरेच दिवस तसेच राहिले होते.

दर तीन महिन्यांनी बीपी आणि ईसीजी, सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आणि कोलेस्टेरॉल, हे सगळं तालुक्यालाच होतं. त्यासाठी मिरजेची फेरी लागत नाही. क्लोपिडोग्रेलचा फेरविचार कोणत्या तारखेला करायचा ते ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तात्यांच्या कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून दिलं आहे, आणि त्या दिवशी मिरजेची सीडी व स्टेंटचं स्टिकर बरोबर आणायला सांगितलं आहे.